कापडात माया ठेवा: मुंबईत टिकाऊ कपडे घेणं, शिवून घेणं आणि दुरुस्त करणं

नवं काही घ्यायच्या आधी टाकायला काढलेले चार-पाच जुने कपडे पलंगावर पसरा आणि प्रत्येक नेमका कुठे गेला ते बघा. रोज वापरातला कपडा सगळीकडून एकदम विरत नाही. शर्टाची कॉलर मानेभोवतीच्या घडीवर फाटते, कारण घाम, दाढीचे खुंट आणि धुतानाचा ब्रश हे तिन्ही तिथेच एका रेषेवर घासतात. पँट मांडीत जाते, चार शिवणी जिथे एकत्र येतात त्याच्या जरा बाजूला. सॅकच्या पट्ट्याखालचा खांदा आधी चमकतो, मग विरतो. पँटच्या बॉटमची मागची कड चपलेच्या टाचेखाली येते आणि पावसाळ्यात तिच्यात चिखलाची वाळू अडकली की आणखी लवकर कुरतडली जाते. खिशाच्या आतलं पांढरं कापड किल्ल्यांनी भोकसतं. काखेत घाम थांबवणाऱ्या डिओडरंटमधल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांनी पिवळे, कडक डाग पडतात. बाकी सगळा कपडा धडधाकट असतो.

म्हणजे टिकाऊ कपडा घ्यायचा तर दोन गोष्टी बघायच्या. या ठरलेल्या जागा किती मजबूत आहेत आणि त्या गेल्यावर कपडा उसवून परत शिवता येईल का. दुसरी गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत. पैशाचा हिशेब मांडायचा तर किंमत भागिले किती वेळा घातला असा मांडा. ४०० रुपयांचा शर्ट ४० वेळा घालून टाकला तर एका वापराला १० रुपये पडले. १,५०० रुपये कापड-शिलाईचे आणि पुढे १५० रुपये दुरुस्तीचे घालून शर्ट २०० वेळा चालला तर सव्वाआठ रुपये.

कापडाची परीक्षा

आधी धागा कशाचा ते ठरवा. 'कॉटन फील', 'कॉटन रिच' या शब्दांवर विसंबू नका. थानाच्या कडेवर किंवा लेबलवर टक्केवारी छापलेली असेल तीच धरा. शंका असेल तर कडेचे चार धागे मागून घ्या आणि घरी येऊन ताटलीवर चिमट्यात धरून जाळा (कापडबाजारात काडी पेटवायची नाही, हे सांगायला नको). कॉटन कागदासारखं जळतं, मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा काळा, कडक मणी होतो. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला गोळा बोटांनी चुरता येतो. व्हिस्कोस मात्र कॉटनसारखंच जळतं, तिथे ही परीक्षा फसते. मग धागा ओला करून ओढा. कॉटनचा धागा ओला झाल्यावर कमजोर होत नाही, उलट जरा बळकट होतो. व्हिस्कोसचा पटकन तुटतो. म्हणूनच व्हिस्कोसचे मऊशार कुर्ते पिळताना फाटतात.

मुंबईच्या दमट हवेत शंभर टक्के पॉलिस्टर अंगाला चिकटतं आणि घामाचा वास धरून ठेवतं. शुद्ध कॉटन अंगाला सुखाचं, पण जुलैत दोन-दोन दिवस वाळत नाही. टेरिकॉट दोन्हींच्या मधलं. ऑफिसच्या पँटला आणि शाळेच्या गणवेशाला ते ठीक, पण त्यातलं कॉटन आधी झिजतं, पॉलिस्टरचे तंतू वर येतात आणि कापडावर गोळे धरतात. शर्टासाठी आमचं मत शुद्ध कॉटनच्या बाजूने आहे.

शर्टिंग विकत घेताना ४०, ६०, ८०, १०० असे आकडे कानावर पडतात. हा धाग्याचा काउंट. आकडा वाढतो तसा धागा बारीक होतो, मजबूत नव्हे. १०० काउंटचं एकेरी धाग्याचं कापड हाताला रेशमासारखं लागतं, पण रोज लोकलमध्ये घासायला ते नाही. त्याच पैशात २/८० किंवा २/१०० लिहिलेलं, म्हणजे 'टू प्लाय' मागा. यात दोन बारीक धागे एकमेकांना पीळ देऊन एक केलेला असतो. २/८० चा धागा जाडीला साधारण ४० काउंटच्या एकेरी धाग्याएवढा, पण जास्त गुळगुळीत आणि चिवट.

वजन जीएसएममध्ये विचारा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. रोजच्या शर्टाला ११० ते १४०, पँटला २२० ते २८०, टी-शर्टला १८० ते २००. जीन्स औंसात मोजतात. १२ औंस म्हणजे सुमारे ४०० जीएसएम. त्याहून जाड जीन्स टिकते खरी, पण चाळीच्या गॅलरीत पावसाळ्यात ती वाळवणार कशी याचा विचार करून घ्या. विणीत साधी वीण (पॉपलिन, केंब्रिक) आणि ऑक्सफर्ड शर्टाला चांगली. तिरकस रेघांची ट्विल वीण पँटला सगळ्यात चांगली. ड्रिल, गॅबर्डीन आणि डेनिम याच घराण्यातले. साटीन विणीचं कापड चकाकतं, पण त्याचे लांब मोकळे धागे घड्याळाच्या पट्ट्यात, बॅगच्या चेनमध्ये अडकून ओढले जातात.

आता हाताने करायच्या परीक्षा. दुकानदार कुरकुरतात, तरी करा.

१. कापडाचा एकेरी पदर दिव्यासमोर धरा. कुठे दाट कुठे विरळ दिसलं तर वीण असमान आहे.

२. कापड दोन हातांत धरून अंगठ्यांनी उलट्या दिशेला जोरात ओढा. धागे सरकून मधे फट पडली आणि ती मिटली नाही, तर शिवणीपाशी हेच होणार. शिलाई जागेवर राहील, कापड तिच्यातून निसटेल. पँटच्या मागच्या शिवणीला आणि ब्लाउजच्या पाठीला असं कापड अजिबात घेऊ नका.

३. कापडाची दोन टोकं एकमेकांवर जोरात चोळा. पांढरी भुकटी पडली तर खळ भरलेली आहे. असं कापड दुकानात भरदार वाटतं आणि पहिल्या धुण्यात जाळीसारखं होतं.

४. पांढरा रुमाल पाण्यात ओला करून कापडावर दहा-बारा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर तो घामानेही लागेल. गडद निळा, मरून आणि काळा या रंगांना ही परीक्षा चुकवू नका.

५. चौकडीच्या किंवा आडव्या रेघांच्या कापडाची रेघ काठाला काटकोनात आहे का बघा. वीण तिरकी झाली असेल तर चांगला मास्टर ओलं करून ओढून ती बरीच सरळ करतो. छपाईच तिरकी असेल तर तिला इलाज नाही.

स्ट्रेच कापडात इलॅस्टेन १-२ टक्के असेल तर चालतं. त्याहून जास्त असलं की गुडघ्याला फुगे येतात, आणि इस्त्रीची उष्णता व ब्लीच यांनी तो लवचीक धागा मरतो. मग कापड ढिलं पडतं आणि ते कुठलाच टेलर दुरुस्त करू शकत नाही.

कुठे घ्यायचं, किती घ्यायचं

मीटरवर कापड घ्यायला महात्मा फुले मंडईजवळचं मंगलदास मार्केट सोयीचं. रविवारी बंद असतं. शर्टिंग, ड्रेस मटेरियल, अस्तर, खिशाचं कापड, सगळं एका छपराखाली मिळतं आणि बटणं-लेस-चेनसाठी पुढे भुलेश्वरला चालत जाता येतं. काळबादेवीचं मूळजी जेठा मार्केट मुख्यतः घाऊक व्यवहाराचं. एका शर्टाच्या कापडासाठी तिथे गाळे पालथे घालण्यात हशील नाही. सुटिंग-शर्टिंग आणि साड्यांसाठी दादर-परळच्या मधलं हिंदमाता. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी हिंदमाताला जाऊ नका, तिथे पाणी तुंबतं हे मुंबईकराला सांगायची गरज नाही. थानाच्या शेवटी उरलेला कटपीस स्वस्त मिळतो. पूर्ण उलगडून, भोक, डाग आणि रंगाचा फरक बघूनच घ्या, तो परत घेत नाहीत.

कापड किती लागेल ते पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर ठरतं, म्हणून आधी पन्हा विचारा. मध्यम बांध्याच्या माणसाच्या फुल शर्टाला ५८ इंची पन्ह्यात १.६० मीटर, ३६ इंचीत सव्वादोन ते अडीच मीटर. पँटला ५८ इंची पन्ह्यात १.२० ते १.३० मीटर. गुडघ्याइतक्या कुर्त्याला ५८ इंचीत सव्वादोन ते अडीच. उंची सहा फुटांच्या आसपास किंवा पोट सुटलेलं असेल तर मास्टरला विचारून मगच घ्या. चौकडी जुळवायला १५-२० सेंटिमीटर जास्त लागतात. यावर आणखी २० सेंटिमीटर घ्या आणि टेलरला तसं सांगून ठेवा: त्यातून एक जादा कॉलर आणि कफची जोडी निघते. शर्टाचं आयुष्य यानेच दुप्पट होतं, आणि तेच कापड दोन वर्षांनी बाजारात मिळत नाही.

भिजवल्याशिवाय कात्री नको

कॉटन पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, खादी आणि हातमागाचं त्याहून जास्त. अडीच मीटरमध्ये ५ टक्के म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. शिवल्यावर ते आटलं की बाही वर जाते आणि कॉलर गळ्याला काचते. थानावर 'सॅनफोराइज्ड' किंवा 'प्रीश्रंक', म्हणजे आधीच आटवलेलं, असं छापलेलं असलं तरी भिजवा, तोटा काही नाही.

कापडाच्या कापलेल्या कडांना सैल धावदोरा घाला, म्हणजे धागे सुटणार नाहीत. बादलीत कोमट पाणी घेऊन कापड त्यात बुडवा. गडद रंगाला मूठभर मीठ टाकलं तरी पक्का न केलेला रंग त्याने थांबत नाही, तेव्हा तो सोपस्कार सोडा आणि गडद कापड वेगळं भिजवा एवढंच पाळा. दोन-तीन तासांनी न पिळता दांडीवर सरळ, काठाला काठ जुळवून, सावलीत वाळत घाला. जरासं ओलसर असताना उलट बाजूने इस्त्री करा, इस्त्री उभ्या धाग्याच्या दिशेने फिरवा. पॉलिस्टर आणि लोकरीच्या सुटिंगला भिजवायची गरज नाही. लोकरीला वाफेची इस्त्री पुरते.

हेच अस्तराला आणि साडीच्या फॉललाही लागू. कोरा कॉटनचा फॉल तसाच लावला की पहिल्या धुण्यात तो आटतो, साडी आटत नाही, आणि खालचा काठ चुण्या पडून वर ओढला जातो. फॉल-पिकोला साडी देताना 'फॉल भिजवून लावा' म्हणून बजावा, किंवा आपणच भिजवून, इस्त्री करून न्या.

टेलरकडे

दुकानाच्या पाटीवरून टेलर ठरवू नका. तिथे तयार होऊन टांगलेला दुसऱ्या कुणाचा तरी शर्ट उलटा करून बघायला मागा. आतली शिलाई सरळ आहे का, धाग्यांची टोकं कापलेली आहेत का, काज दाट आहे की त्यातून कापडाचे तंतू डोकावतात, खिशावरची चौकडी शर्टाच्या चौकडीशी जुळते का. एका इंचात टाके मोजा: शर्टाला १० ते १२ हवेत. सहा-सातच असतील तर शिवण ओढीला उसवते.  पहिलं काम एखाद्या साध्या अर्ध्या बाहीच्या शर्टाचं द्या, लग्नाच्या सुटाचं नको.

वेळही साधावी लागते. जूनच्या सुरुवातीला शाळेचे गणवेश, मग गणपती, नवरात्र, दिवाळी आणि लगोलग लग्नसराई. जुलै महिना त्यातल्या त्यात मोकळा. घाईत कारागीर आतल्या शिलाईत काटछाट करतो. बाहेरून ते दिसत नाही.

माप देताना रोज जो बूट किंवा चप्पल घालता तीच घाला आणि खिशात मोबाइल ठेवता तो ठेवा. पोट आत ओढू नका. अंगाच्या मापासोबत नीट बसणारा एक जुना शर्ट नेला तर अर्धं काम होतं. त्यानंतरच्या सूचना तोंडी न सांगता टेलरच्या वहीत मापाशेजारी लिहून घ्या, कारण माप घेणारा मास्टर आणि शिवणारा कारागीर वेगळे असतात. सूचना या अशा:

पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत कमरेपाशी दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, ठेवा. दोन्ही बाजूंची मिळून ती पुढे दोन इंच कंबर वाढवायला पुरते. कमरेचा पट्टाही मागे मधोमध जोडाचा ठेवायला सांगा; तो अखंड असला तर आत माया असून उपयोग नाही. बॉटमला आत अडीच इंच दुमड, आणि मागच्या अर्ध्या कडेला आतून जाड फीत, तीही अर्धा मिलिमीटर खाली डोकावेल अशी. मग चपलेची टाच फितीला घासते, कापडाला नाही. फीत झिजली की बदलता येते. मांडीत, चार शिवणी जुळतात तिथे आतून अस्तराचा तुकडा. खिशाला जाड पॉकेटिंग, तळाला दुहेरी शिलाई.

शर्टाला बाजूच्या आणि मुंढ्याच्या (बाही जोडतात तिथल्या) शिवणी पलटून दुहेरी टीप मारलेल्या हव्यात, नुसतं इंटरलॉक नको. योक, म्हणजे खांद्यावरची पाठीची पट्टी, दुपदरी. पाठीवर योकखाली दोन चुण्या. दोरा कॉटनऐवजी स्पन पॉलिस्टरचा, घामात तो कुजत नाही. कॉलरचं बकरम, म्हणजे तिला ताठ ठेवणारं आतलं कापड, कुठलं वापरतात ते विचारा. चिकटवायचं हलकं बकरम नीट दाबलं गेलं नसेल तर चार धुण्यांनंतर कॉलरवर बुडबुडे येतात आणि ते इस्त्रीने बसत नाहीत. न चिकटवायचं, शिवायचं बकरम असेल तर तेही आधी भिजवलेलं हवं.

ब्लाउजला दोन्ही बाजूंना किमान एक-एक इंच माया आणि बाहीतही तेवढीच. बाहीत माया नसेल तर कंबर-छाती वाढवून काही होत नाही, दंडातच अडकतं. आणि शेवटी: "मास्टर, कात्रण परत हवं." ते कापड तुमचंच आहे, आणि पुढे रफूला त्याचाच धागा लागतो.

ट्रायल आरशासमोर ताठ उभं राहून घेऊ नका. लोकलचा कडा धरल्यासारखा हात वर करा. शर्ट पँटमधून अख्खा बाहेर आला तर बहुधा मुंढा फार खाली बेतला आहे. गंमत म्हणजे ऐसपैस मुंढ्याने हात मोकळा होत नाही, उलट सगळा शर्टच वर उचलला जातो. खुर्चीत बसा, मांडी घालून बसा, जिन्याची पायरी चढा. पँट बसल्यावर मागून खाली सरकत असेल तर मागचं आसन कमी आहे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर हवी. चूक तिथल्या तिथे खडूने खुणावून घ्या.

तयार कपडा घेताना

शोरूममध्ये असो की लिंकिंग रोडवर, आधी उलटा करा. शिवणीत माया किती, पँटच्या पट्ट्याला मागे जोड आहे का, खिशाच्या कोपऱ्यांवर बारटॅक म्हणजे दाट आडवे टाके आहेत का. जीन्सच्या खिशाला तांब्याच्या रिव्हेट याच ओढीसाठी असतात. त्यांचं पेटंट १८७३ साली अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी घेतलं, आणि डेव्हिस हे मुळात शिंपी. टी-शर्टची बाजूची शिवण सरळ खाली उतरते का बघा. आत्ताच पोटाकडे वळलेली असेल तर प्रत्येक धुण्यात आणखी वळेल. मानेमागे आणि खांद्यावर आतून पट्टी असेल तर गळा लोंबत नाही. फॅशन स्ट्रीटवरच्या निर्यातीतून उरलेल्या मालात उत्तम वस्तू मिळतात, पण मापाच्या लेबलवर विश्वास नको. खिशात टेप ठेवा आणि घरच्या नीट बसणाऱ्या कपड्याची मापं मोबाइलमध्ये. पुढच्या-मागच्या भागाच्या रंगात फरक आणि टाचणीएवढी भोकं उजेडात शोधा.

काय अल्टर होतं? शर्ट बाजूंनी आवळणं, बाही कफ काढून आखूड करणं, पँटची लांबी, कंबर दीड-दोन इंच कमी करणं हे सगळं सोपं. कंबर त्याहून जास्त आवळली की मागचे दोन खिसे एकमेकांना भिडतात. खांदा छोटा करणं म्हणजे बाही, मुंढा सगळं उसवणं. त्या मजुरीत दुसरा शर्ट येतो. कोटाची लांबी कमी केली तर खिसे खालच्या कडेला चिकटल्यासारखे दिसतात. कॉलर मोठी होत नाही. म्हणून तयार कपडा घेताना खांदा आणि गळा बसला पाहिजे, बाकी नंतर बघता येतं. जीन्स आखूड करताना मूळची खालची कड कापून परत तिथेच जोडायला सांगा, वेगळी मजुरी लागते पण झीज-रंग तसाच राहतो.

नवा तयार शर्ट आणला की पहिल्याच दिवशी सगळी बटणं पक्की करा. कारखान्यात बटणं पुष्कळदा एकेरी साखळीटाक्याने लावतात. एक टोक सुटलं की अख्खं बटण हातात येतं. दुहेरी दोरा, चारही भोकांतून तीन-तीन फेरे, आणि बटणाखाली आगकाडी ठेवून टाके घाला. काडी काढल्यावर जी मोकळीक राहते तिच्याभोवती दोरा चार-पाच वेळा गुंडाळून मान करा आणि उलट बाजूला गाठ मारा. मान नसलेलं बटण काजेचं कापड खेचत राहतं.

दुरुस्ती

नियम एकच: फाटायच्या आधी. महिन्यातून एकदा इस्त्री करताना पँटची मांडी आणि शर्टाची कॉलर उजेडासमोर धरा. प्रकाश जास्त दिसायला लागला की तीच वेळ. भोक पडल्यावर खर्चही वाढतो आणि काम लपतही नाही.

शिवण उसवली असेल तर घरी होतं. उसवलेल्या जागेच्या एक इंच आधीपासून एक इंच नंतरपर्यंत, जुन्या शिलाईवरूनच, दोन-तीन मिलिमीटरची उलटी टीप घाला. धावदोरा नको, तो ताणात सुटतो.

मांडीत विरलेल्या पँटला आतून तुकडा लावताना चार गोष्टी सांभाळायच्या. तुकडा मूळ कापडाएवढा किंवा किंचित हलका हवा. जाड असेल तर पुढची फाट बरोबर त्याच्या कडेवर येते. तो धुतलेला, आटून झालेला हवा. आकार लंबगोल, कारण चौकोनाचे कोपरे ओढले जातात. आणि विरलेल्या भागाच्या पुढे चारी बाजूंना एक-एक इंच. मग मशिनवर उभ्या धाग्याच्या दिशेने तीन-चार मिलिमीटर अंतराने पुढे-मागे टिपा. जीन्सला १६ नंबरची सुई, साध्या पँटला १४. रस्त्यावरचा अल्टरवाला हे दहा-पंधरा मिनिटांत करतो, फक्त दोऱ्याचा रंग आपण बरोबर न्यावा. इस्त्रीने चिकटवायचे तयार पॅच घाम आणि धुण्यात सुटतात.

कॉलर वरच्या घडीवर विरली असेल तर ती पलटता येते. कॉलर आणि तिच्या खालची पट्टी यांच्यामधली एवढीच शिलाई ब्लेडने उसवायची, कॉलर उलटी करून परत त्याच फटीत घालायची आणि टीप मारायची. खालची कोरी बाजू वर येते. हे करण्याआधी दोन गोष्टी बघा: कॉलरच्या टोकांना बटणं असतील तर काजं दिसत राहतील, आणि प्लास्टिकच्या काड्या घालायचे कप्पे असतील तर ते वर येतील. अशा शर्टांना सुरुवातीला ठेवलेली जादा कॉलर लावायची. नवीन टेलर 'होत नाही' म्हणतील. जुन्या, एकट्याने दुकान चालवणाऱ्या मास्टरला विचारा.

चेन बिघडली की लोक अख्खी चेन बदलतात. दात सगळे जागेवर असतील आणि वर ओढल्यावर मागून उघडत असेल तर दोष रनरचा: त्याची दोन ओठं झिजून फाकलेली असतात. बारीक पकडीने दोन्ही बाजू हळूच, सारख्या दाबा. थोडे दिवस चालेल, मग त्याच नंबरचा रनर बदलून घ्या. नंबर बहुतेक रनरच्या मागे कोरलेला असतो. दात तुटले असतील तरच नवी चेन. घट्ट झालेल्या चेनला मेणबत्ती घासा.

रफू हे वेगळं शास्त्र. रफूवाला त्याच कापडाच्या आतल्या मायेतून किंवा कात्रणातून धागे काढतो आणि भोकावर एकेक उभा-आडवा धागा घालून वीण परत उभी करतो. उत्तर प्रदेशातलं नजीबाबाद या कामासाठी नावाजलेलं आहे. लोकरी कोट, शाल, सुटिंग, ट्विल यांवर रफू दिसेनासं होतं. पातळ साध्या विणीच्या एकरंगी शर्टावर ते दिसतंच, आणि टी-शर्टसारख्या होजिअरीला ते चालत नाही, तिथे फास उचलून जाळी शिवावी लागते. भोकाच्या आकारावर भाव असतो, तेव्हा सिगारेटच्या ठिणगीचं भोक वाढायच्या आत न्या. कपडा धुऊन न्या. डाग असलेल्या जागी केलेलं रफू धुतल्यावर वेगळं दिसतं. काम झाल्यावर दिवसाच्या उजेडात, उलट-सुलट बघून मगच पैसे द्या.

धुणं, वाळवणं, ठेवणं

कॉलरवर ब्रश मारणं बंद करा. साबण ओला करून लावा, पंधरा मिनिटं ठेवा, हाताने चोळा. क्लोरीनचं ब्लीच कॉटनचा कस काढतं. जीन्स उलटी करून, चेन लावून धुवा. कडक खळीचा कपडा रोज एकाच घडीवर मोडला की धागे तिथेच तुटतात, आणि खळ घातलेले कपडे पावसाळाभर कपाटात ठेवले तर कसर लागते. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. दमट घडीत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते सहसा निघत नाहीत.

दुरुस्ती कधी करायची नाही? जुन्या शिवणीच्या बाजूला कापड दोन हातांत धरून बेताने ओढा. टर्रकन फाटलं तर कापडाचाच कस गेला आहे; त्यावर घातलेला प्रत्येक टाका नवीन भोक. अशा कपड्याची बटणं, रनर, बक्कल काढून घ्या. शर्टाची पाठ आणि पँटच्या पोटऱ्यांचा भाग बहुतेक वेळा शाबूत असतो, तो पुढच्या ठिगळांसाठी कापून ठेवा. हे कापड आटून झालेलं असतं, त्यामुळे नव्या तुकड्यापेक्षा सरस. सुती साड्या आणि मऊ पडलेले शर्ट गोधडीला जातात. पॉलिस्टरचं मात्र पायपुसणंही होत नाही, पाणी शोषत नाही.